बोटाक कळता

आदल्या रात्री लवकर झोपायचं ठरवतो आणि दर वेळी झोप लागत नाही, कारण डोक्यात वाऱ्याचे आकडे फिरत असतात. त्या शनिवारचा अंदाज होता, सकाळी नैऋत्येचा आठ-दहा नॉट, दुपारनंतर फिरून ईशान्येचा पंधरा. म्हणजे साधारण बारापर्यंत मोकळीक, त्यानंतर घरी. नोव्हेंबर महिना, दिवाळीचा फराळ संपत आलेला, आणि इथे ऑकलंडला वसंत सरत येऊन पाणी गरम व्हायला लागलेलं, स्नॅपर मासा अंडी घालायला हाउराकी गल्फमध्ये, म्हणजे ऑकलंडसमोरच्या आखातात, आत येतो तो हाच काळ. सव्वाचारला उठलो, चहा थर्मासमध्ये भरला, डब्यात दोन चकल्या टाकल्या आणि जेटस्कीचा ट्रेलर जोडून गल्फ हार्बरला, बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पकडे निघालो.

मी मालवणचा. मालवणात वाढलेल्या माणसाला जेटस्की म्हटलं की तारकर्ली-चिवल्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना दहा मिनिटं गरागरा फिरवून आणणारं मशीन आठवतं, तो आवाज, ती पेट्रोलचा वास येणारी हवा, आणि बाजूला रापणीची जाळी ओढणाऱ्या लोकांच्या कपाळावरच्या आठ्या. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा कोणीतरी जेटस्कीच्या मागे तीन रॉड उभे करून, बर्फाची पेटी बांधून खोल समुद्रात जाताना बघितलं तेव्हा मला राग आला होता, खरंच राग आला होता. हे काय मासे पकडणं आहे का, असं वाटलं. ते मत बदलायला मला दोन वर्षं लागली आणि ते नक्की कशाने बदललं ते आज लिहावंसं वाटतंय.

जेट स्की हे खरं तर कावासाकीचं ब्रँडनेम, 1973 साली त्यांनी उभं राहून चालवायचं मशीन बाजारात आणलं तेव्हापासूनचं. त्यावरून मासेमारी करायचं वेड मात्र इकडचं, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, साउथ आफ्रिका. लोक आपापल्या गॅरेजमध्ये पाइप वाकवून रॉड होल्डर बनवायचे, पेटी पट्ट्यांनी आवळायचे, फिशफाइंडर कसाबसा हँडलपाशी बसवायचे. 2018 मध्ये सी-डू या दुसऱ्या ब्रँडने खास मासेमारीसाठी म्हणून मॉडेल काढलं, ते त्याच लोकांचं बघून. माझी जुनी आहे, सेकंडहँड, रॅक मीच बसवलाय. मोठ्या बोटीला लागणारी जागा, पैसे, दोन माणसं, यातलं माझ्याकडे काहीच नाही. स्की एकटा माणूस पाण्यात उतरवतो, एकटा बाहेर काढतो, पेट्रोलही बोटीच्या मानाने कमी.

यंत्र समजून घेतलं की पुढचं सगळं कळतं म्हणून सांगतो. याला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, आतला इम्पेलर, म्हणजे आत फिरणारा पंखा, ते मागच्या तोंडातून जोरात फेकतो आणि ते तोंड डावी-उजवीकडे फिरलं की स्की वळते. म्हणजे थ्रॉटल सोडला की वळणंही गेलं. आणि दुसरं, जाळीच्या जवळ जे काही येईल ते आत जातं, शेवाळ, प्लास्टिक, दोरी. हे वाक्य मी स्वतः नवशिक्या लोकांना कितीदा सांगितलंय.

रॅम्पवर काळोखातच आठ-दहा ट्रेलर होते. लाइफजॅकेट अंगात, किल-स्विचची, म्हणजे आपण पडलो तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला, व्हीएचएफ रेडिओ छातीशी, फोन पाणी न जाणाऱ्या पाकिटात. कोस्टगार्डला रेडिओवरून सांगून ठेवायचं, एक माणूस, अमुक दिशेला, दुपारी एकपर्यंत परत. कोस्टगार्ड इकडे सरकारी फौज नाही, स्वयंसेवकांची संस्था आहे, कोणी प्लंबर, कोणी शिक्षक, आणि त्यांच्यातलं कोणीतरी पहाटे पाचला तुमचं म्हणणं शांतपणे लिहून घेतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे. किनाऱ्यापासून दोनशे मीटरच्या आत पाच नॉटच्या वर जायचं नाही, म्हणजे चालत गेल्यासारखं जायचं. हा कंटाळवाणा वाटणारा भाग मला फार आवडतो. मागे मरीनाचे दिवे, पुढे काळं पाणी, आणि स्की पोटातल्या पोटात घुरघुरत पुढे जात असते.

फांगापराओआ म्हणजे व्हेलचा उपसागर. त्या द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून उत्तरेला गेलं की खडकांची एक कड लागते, दहा-बारा मीटर पाणी. समोर टिरीटिरी मातांगी, पक्ष्यांसाठी राखलेलं बेट. 2025 च्या नव्या कायद्याने त्या बेटाच्या बाजूच्या पाण्यातही मासेमारी बंद झालीय, त्यामुळे मॅपवर ती रेष लावून ठेवलीय आणि तिच्यापासून लांब राहतो. काही लोक त्यावर चिडलेत. मी नाही. गल्फ थकलाय, हे इथे तीस-चाळीस वर्षं जाणारी माणसंच सांगतात.

इंजिन बंद केलं.

हेच ते. माझं मत बदललं ते इथे, या एका क्षणाला, दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या स्कीवर मागे बसून आलो होतो तेव्हा. इंजिन बंद झालं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की मी पाण्याच्या उंचीला बसलोय. बोटीवर तुम्ही वर असता, मध्ये काठ असतो, पाणी खाली कुठेतरी असतं. इथे दोन्ही पाय दोन बाजूंना सोडले की घोट्यापर्यंत पाणी, लाट आली की तीच तुम्हाला उचलते आणि तीच ठेवते, क्षितिज इतकं खाली येतं की बेटंच मोठी दिसायला लागतात. आणि ही उंची माझ्या ओळखीची होती. सात-आठ वर्षांचा असताना आजोबांच्या होडीत मी याच उंचीला बसलेलो. होडी म्हणजे काय, दोन माणसं बसली की काठ वीतभर वर उरायचा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला ते गरवायला जायचे, रॉड नाही, रीळ नाही, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, गरी, शिशाचं वजन आणि कोळंबीचा तुकडा. दोरी उजव्या हाताच्या तर्जनीवरून सोडलेली असायची. मी सारखा पाण्यात वाकून बघायचो तर म्हणायचे, "गप ऱ्हव. खाली बघान काय गावाचा नाय. बोटाक कळता." त्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर आडवी खाच होती, पन्नास वर्षांच्या दोरीने पाडलेली. मी त्या खाचेत माझं नख घालून बघायचो.

तर खडकाच्या कडेला उजाडताना सॉफ्टबेट टाकलं, रबराचा सात इंची मासा, आत शिशाचं डोकं आणि गळ, आणि ते तरंगत खाली जाताना ब्रेडची, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी तर्जनीवर ठेवली. हल्लीची ही दोरी ताणून लांबत नाही, खाली काय होतंय ते सरळ हातात येतं. वाळूला टेकलं तर मऊ थपकी, खडकाला टेकलं तर कडक टिचकी. चौथ्या-पाचव्या कास्टला यातलं काहीच झालं नाही, फक्त दोरी जरा हलकी झाली. एवढंच. वजन होतं ते नाहीसं झालं. मासा आमिष तोंडात घेऊन वर उठला की असंच होतं, आणि डोळ्यांनी बघितलं असतं तर काहीही दिसलं नसतं.

ओढलं आणि रॉड जो वाकला तो वाकलाच. स्नॅपर डोकं झटकतो, ठक ठक ठक असे जड झटके येतात, आणि मोठा असेल तर झटक्यांमध्ये अंतर असतं. या झटक्यांमध्ये बरंच अंतर होतं. त्याने स्की गोल फिरवली, मी पाय वर घेतले, दोरी खडकाला घासू नये म्हणून रॉड एका हाताने लांब धरला. सात-आठ मिनिटं असतील. वर आला तेव्हा पूर्वेला नुकता सूर्य निघालेला, आणि त्या तिरप्या उजेडात त्याच्या गुलाबी-तांबूस अंगावरचे निळे ठिपके असे काही लखलखत होते की मी जाळं उचलायचंच विसरलो. हे ठिपके मासळीबाजारात दिसत नाहीत. मासा मेला की काही वेळात विझून जातात. कपाळावर म्हाताऱ्या नरासारखं टेंगूळ, पाठीवर जुन्या जखमेचा पांढरा वण. मोजपट्टीवर नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत बहात्तर सेंटीमीटर.

स्नॅपर साठ वर्षांपर्यंत जगतो. हा किती वर्षांचा असेल ते मला सांगता येणार नाही, पण मी या देशात उतरलो त्याच्या कितीतरी आधीपासून हा याच खडकांत शिंपले फोडत असणार.

आणि तो दिवसाचा पहिला मासा होता. माझा शेजारी माओरी आहे, इथल्या मूळ लोकांपैकी, साठीचा माणूस, मला हे सगळं त्याने शिकवलं, आणि त्याचा एकच नियम होता की पहिला मासा टांगारोआचा, समुद्राच्या देवाचा, परत सोडायचा. लहान असो की मोठा. मला हे पटवून द्यावं लागलंच नाही, नारळी पौर्णिमेला समुद्राला आधी द्यायचं आणि मग त्याच्याकडे मागायचं हे बघतच मोठा झालो ना आपण. पण देताना दर वेळी मासा लहान होता. या वेळी हातात एवढा मोठा होता आणि फोटो काढायला बाजूला कोणी नव्हतं. ओल्या हातांनी त्याला पोटाखालून धरलं, पाण्यात तोंड पुढे करून ठेवलं, कल्ले हलायला लागले, आणि मग त्याने एकदाच शेपूट मारली आणि खाली गेला. मनगटावर त्याच्या काट्याचा ओरखडा राहिला. वाईट वाटलं का, तर हो, थोडं वाटलं. आठवडाभर तरी तो डोळ्यांसमोर होता.

मग बाहेर, खोलवर. चाळीस-पंचेचाळीस मीटर पाणी, गॅनेट नावाचे समुद्रपक्षी शोधत. लांबून पांढरे ठिपके आकाशातून खाली पडताना दिसले की समजायचं तिथे काहीतरी चाललंय. डॉल्फिन छोट्या माशांचा थवा खालून दाबून वर आणतात, गॅनेट वरून सुळकांडी मारतात, पंख शेवटच्या क्षणी मागे मिटतात आणि पक्ष्याचा बाण होतो, आणि या सगळ्या मारामारीतून जे तुकडे खाली पडतात ते खायला तळाशी स्नॅपर जमतात. डॉल्फिन-व्हेल असले की तीनशे मीटरपासून वेग एकदम कमी करायचा असा नियम आहे, तो नसता तरी मी केला असता. जवळ जाऊन इंजिन बंद केलं, ड्रोग टाकला. ड्रोग म्हणजे पाण्यातली छत्री, दोरीला बांधलेली, वाऱ्याने स्की वाहत जाते तिला ती मागून धरून ठेवते. आणि बसलो. पाच-सहा मीटरवर गॅनेट पाण्यात घुसत होते, प्रत्येक वेळी कोणीतरी विहिरीत दगड टाकल्यासारखा आवाज, शिंतोडे तोंडावर, आणि डॉल्फिनच्या श्वासाला मासळीचा वास असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तासाभरात पाच स्नॅपर ठेवले. इथे माणशी सात, तीस सेंटीमीटरच्या वरचे, असा नियम आहे, 2014 पासून, त्याआधी नऊ होते आणि सत्तावीस सेंटीमीटर. समुद्रातल्या हौशी मासेमारीला लायसन्स लागत नाही पण पकडलेला मासा विकता येत नाही, एकसुद्धा. पाचात आमचं, शेजाऱ्याचं आणि अजून एका घराचं भागतं. एक काहावाई मिळाला, तो बांगड्याच्या चवीला जवळचा, तेलकट, लगेच रक्त काढून बर्फात टाकावा लागतो.

नावांचा घोळ इथे सांगून टाकतो कारण गावाकडून सगळे विचारतात. इथला स्नॅपर म्हणजे आपली तांबोशी नव्हे, तो ब्रीमच्या कुळातला आहे. आणि इथला किंगफिश म्हणजे सुरमई नव्हे. सुरमईला आपल्याकडे हॉटेलवाले किंगफिश म्हणतात, पण हा पिवळ्या शेपटीचा वेगळाच मासा, ताकदीचा, आणि एकदा लागला की तो तुम्हाला ओढत नेतो.

तोच लागला. जिगवर, म्हणजे धातूच्या आमिषावर. रीळ किंचाळायला लागलं, दोरी भराभर संपत होती, आणि मी जे नेहमी दुसऱ्यांना सांगतो ते स्वतः विसरलो. त्याच्या मागे जायचं म्हणून इंजिन चालू केलं, थ्रॉटल दाबला. ड्रोग पाण्यातच होता.

एक धप्प असा आवाज आला पोटाखालून, हँडल थरथरलं आणि सगळं बंद. ड्रोगची दोरी सैल पडून जाळीतून आत गेली, इम्पेलरच्या दांड्याला गुंडाळली गेली. इकडे रॉड हातात, किंगफिशने उरलेली दोरी घेतली आणि टण्णकन तोडली, आणि मग अगदी शांत. गॅनेटसुद्धा पुढे निघून गेले होते. बारा वाजायला आलेले, वारा पडलेला, आणि ईशान्येला पाण्यावर ती गडद रेष दिसायला लागली होती जी मला अजिबात बघायची नव्हती.

भीती वाटली. एकट्याने जायचं म्हणजे या क्षणाची तयारी ठेवूनच जायचं, तरीही वाटली. कोस्टगार्डला रेडिओवर जागा सांगितली, अजून मदत नको पण लक्ष असू द्या म्हटलं. ते ऐकून पंधरा मिनिटांत दुसरा एक स्कीवाला आला, अनोळखी पोरगा, पंचविशीचा, काही न विचारता त्याने माझ्या स्कीचं नाक धरून ठेवलं. मी किल-स्विच काढून खिशात टाकला, दातेरी सुरी मनगटाला बांधली आणि पाण्यात उतरलो. सतरा अंश पाणी, वेटसूट होता तरी श्वास अडकला. खालून जाळीत हात घालून चाचपायचं, काही दिसत नाही, स्की वर-खाली होतेय, तर डोळे मिटूनच घेतले. आणि मग बोटांनी दोरीचं टोक शोधलं, कोणत्या बाजूने गुंडाळलीय ते चाचपलं, एक वेढा कापला, ओढला, पुन्हा एक. अर्धा तास. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा हाताला ते कळलं, दांडा मोकळा फिरला. तो पोरगा परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या मागून येत राहिला. त्याला दोन स्नॅपर देत होतो, घेतले नाहीत, चकली घेतली.

परत येताना लाटा मागून होत्या. मागून येणाऱ्या लाटेवर थ्रॉटल सोडायचा मोह होतो आणि तो सोडला की वळण जातं आणि स्की आडवी होते, म्हणून लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने यायचं, घाई न करता. वीस मिनिटांच्या वाटेला पन्नास लागले. कोस्टगार्डला पोचल्याचं सांगितलं तर पलीकडून बाई म्हणाल्या, छान, बरं झालं. एवढंच. माझे डोळे भरून आले.

घरी आल्यावर आधी स्की गोड्या पाण्याने धुवायची, इंजिन आधी चालू मग नळ, बंद करताना नळ आधी मग इंजिन. मग मासे. पाच डोकी मी बाजूला ठेवली. आम्ही इथे नवीन होतो तेव्हा ऑफिसमधली माणसं फिले काढून डोकं आणि सगळा काटा फेकून द्यायची, ते बघून पोटात तुटायचं. माओरी लोकांना डोक्याची किंमत आपल्यासारखीच. मांगेरेतल्या पापातुआनुकु कोकिरी मराएने (मराए म्हणजे माओरी लोकांची एकत्र जमायची जागा) हौशी मासेमारांची संस्था लेगासी आणि ऑकलंडच्या एका बोटिंग क्लबबरोबर 2016 पासून 'काय इका' नावाचं काम सुरू केलंय, बोटवाल्यांकडची डोकी आणि काटे गोळा करून ज्यांना हवेत त्यांच्या घरी पोचवायचे. त्याबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, आपण बरोबर देशात आलोय.

दोन डोकी शेजाऱ्याला नेऊन दिली. तीन कढईत. ओलं खोबरं, धने, बेडगी मिरची, चार आमसुलं. काहावाईचं तिखलं वेगळं, त्याला तिरफळं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचा नाश्ता चाललेला, त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ताटातलं डोकं निरखून बघितलं. "पालवासारखो दिसता रे." मग बहात्तर सेंटीमीटरवाल्याचं सांगितलं, सोडून दिला म्हटलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बापाशीन माझ्या सोडलो नसतो." आणि हसले, आणि म्हणाले, "नाय, सोडलो असतो. पैलो ना तो."

ड्रोगच्या दोरीचं त्यांना सांगितलं नाही.

जेवायला बसलो. भातावर सार ओतलं, पहिला घास कालवला आणि तर्जनी झणझणली. बघितलं तर पहिल्या पेरावर ब्रेडने कापलेली बारीक आडवी चीर, किंगफिशच्या वेळी पडली असणार, दिवसभर खाऱ्या पाण्यात होतो म्हणून कळली नव्हती. मिरची आणि आमसूल बरोबर आत शिरलं होतं. बायको म्हणाली चमचा घे. मी तसाच हाताने जेवलो.